दृष्टिपटलातील पेशींचा मृत्यू

दिवेलागणीनंतर ओळखीच्या उंबरठ्यालाही ठेचकाळणारे मूल दिसले, की त्याला अ जीवनसत्त्व कमी पडते असे निदान गावात सहज केले जाते. श्रोतेहो, पुष्कळदा ते बरोबरही असते. बालकांना या जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रा देण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७० मध्ये सुरू झाला, तो याच कारणास्तव. परंतु रातांधळेपणाचा आणखी एक प्रकार आहे. पालेभाज्यांनी किंवा औषधाच्या मात्रेने तो हटत नाही, वर्षागणिक वाढतो आणि कित्येकदा एकाच घरातील दोघातिघा भावंडांत आढळतो. रेटिनायटिस पिगमेंटोजा हे त्याचे वैद्यकीय नाव. नावातून दाहाचा बोध होतो, तो फसवा आहे. मूळ व्याधी पेशींच्या मृत्यूची आहे. जगात साधारणपणे ४,००० माणसांमागे एकाला ती असते.

दृष्टिपटलावर प्रकाश टिपणाऱ्या पेशी दोन प्रकारच्या. दंडाकार पेशी सुमारे १२ कोटी. अंधुक उजेडातील दृष्टी त्यांची. शंक्वाकार पेशी जेमतेम ६० लाख. पण अक्षरे वाचणे, रंग पारखणे, चेहरा ओळखणे ही कामे त्यांचीच. दंडाकार पेशीच्या टोकाशी प्रकाशग्राही चकत्यांची चळत असते. तिचा सुमारे दहावा हिस्सा रोज झडतो आणि तितकाच नवा तयार होतो. एवढी अखंड निर्मिती चालू असता जनुकातील लहानशी चूकही महागात पडते.

१९९० मध्ये अमेरिकेतील काही रुग्णांत अशी एक चूक सापडली. ऱ्होडॉप्सिन या प्रथिनातील ३४८ दुव्यांपैकी २३ वा दुवा बदललेला होता. असे प्रथिन नीट घडी पडून आकार घेत नाही, पेशीत साचून राहते आणि अखेर पेशीलाच गुदमरवते. अन्य काही कुटुंबांत दोष एका विकरात असतो. ते निकामी झाले की सायक्लिक जीएमपी हे द्रव्य वाढते, पेशीच्या आवरणातील दारे उघडीच राहतात आणि कॅल्शियम आत लोटते. मूळ कारणे अशी अनेक. शेवट मात्र बहुधा एकसारखा. पेशी स्वतःच्या विघटनाची यंत्रणा स्वतःच चालू करते, हे उंदरांवरील प्रयोगांत १९९३ मध्ये दिसून आले. मृत्यूच्या इतर वाटाही आता ठाऊक झाल्या आहेत.

खरे कोडे पुढेच आहे. सदोष जनुक बहुधा दंडाकार पेशींपुरतेच कामाचे असते, तरीही काही वर्षांनी निर्दोष शंक्वाकार पेशीही मरू लागतात आणि दिवसाची दृष्टी जाते. फ्रेंच संशोधकांनी २००४ मध्ये याचा एक धागा उलगडला. दंडाकार पेशी एक प्रथिन स्रवतात. शंक्वाकार पेशी त्याच्या आधारावर तग धरतात आणि त्याच्याच साहाय्याने शर्करा आत घेतात. शेजार उजाड झाला की त्यांची उपासमार होते. शिवाय बहुतांश प्राणवायू खर्च करणाऱ्या पेशीच उरत नाहीत. मग तो अतिरिक्त होऊन घातक ठरतो. पहिल्या पेशी आणि दुसऱ्या पेशी यांच्या मृत्यूमधील ही वर्षे रुग्णाच्या दृष्टीने मोलाची आहेत. आरपीई-६५ या जनुकातील दोषावरील जनुकोपचारास अमेरिकेत डिसेंबर २०१७ मध्ये मान्यता मिळाली, पण तोदेखील पुरेशा पेशी जिवंत असतील तरच दिला जातो. एका जनुकापुरता असलेला हा उपचार अतिशय महागही आहे.

म्हणून वेळीच नेत्रतज्ज्ञाकडे जाणे इष्ट. स्वतःच्या मनाने अ जीवनसत्त्वाचे डोस वाढवू नयेत. दृष्टिपटलाच्या काही आनुवंशिक विकारांत ते अपायकारक ठरू शकतात. या रोगाच्या अनेक प्रकारांत आई व वडील दोघेही स्वतः निरोगी राहून दोष वाहत असतात, आणि मग प्रत्येक अपत्याला चारांत एक इतका धोका असतो. मामाच्या मुलीशी किंवा भाचीशी विवाह करण्याची रीत जेथे आहे, तेथे असा योग अधिक वेळा जुळून येतो. केवळ आईला बोल लावणे हे अज्ञानच होय.

शाळेत अशा मुलावर एक वेगळाच अन्याय होतो. फळ्यावरील बारीक अक्षर ते वाचते, पण पायाशी ठेवलेली बादली त्याला दिसत नाही. साहजिकच ते सोंग करते असा समज होतो. वस्तुतः त्याचे दृष्टिक्षेत्र नळीतून पाहावे तसे आक्रसलेले असते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ अन्वये दृष्टिक्षेत्र ४० अंशांहून कमी झाल्यास अल्पदृष्टी आणि १० अंशांहून कमी झाल्यास अंधत्व मानले जाते, मग समोरचे अक्षर वाचता येत असले तरीही. प्रमाणपत्रासाठी अशा मुलास पाठविताना अक्षरतक्त्याबरोबर दृष्टिक्षेत्राचीही तपासणी व्हावी, असा आग्रह शिक्षकांनी व पंचायत सदस्यांनी अवश्य धरावा.