मुलाखतीचे भय आणि आपली घरे

(संघाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात साखरखेर्डा येथे दिलेले भाषण)



कार्यकारी मंडळाने मला दहा मिनिटे दिली आहेत. ज्याला जन्मभर पस्तीस मिनिटांच्या तासाची सवय जडली, त्याला दहा मिनिटे म्हणजे हजेरी घेण्यापुरतीच. म्हणून प्रस्तावना न करता विषयालाच हात घालतो.

आपल्या मुलामुलींची लेखी परीक्षेतील प्रगती पाहून कोणाही वडीलधाऱ्यास समाधान वाटावे. पेढे घेऊन माझ्याकडे येणारी मुले वर्षागणिक वाढत आहेत. परंतु त्यांपैकीच काही जण चारसहा महिन्यांनी पुन्हा येतात, तेव्हा त्यांची मान खाली असते. "गुरुजी, लेखी निघाली, पण मुलाखतीत गेलो," हे वाक्य मी फार वेळा ऐकले आहे. ही मुले ज्ञानात उणी नसतात. त्यांच्या वह्या मी तपासलेल्या आहेत.

कोणी म्हणेल, मुलाखती आता राहिल्या आहेत कोठे? हे म्हणणे अर्धेच खरे आहे. केंद्र सरकारने 1 जानेवारी 2016 पासून आपल्या कनिष्ठ श्रेणीच्या जागांसाठी मुलाखत बंद केली, आणि बँकेतील लिपिकासही ती द्यावी लागत नाही. परंतु बँकेच्या अधिकारीपदासाठी ती आहेच. खाजगी शिक्षणसंस्थांतील शिक्षकांच्या जागा पवित्र पोर्टलवरून भरल्या जातात, त्यांतही 'मुलाखतीसह' हा प्रकार ठेवलेला आहे. राज्यसेवेची मुख्य परीक्षा पूर्वी 800 गुणांची व मुलाखत 100 गुणांची असे. 2025 पासून तेथे 1750 आणि 275 असे गुण झाले. जेथे एकेका गुणाने यादीतील नाव खालीवर होते, तेथे हे 275 गुण थोडे नव्हेत.

मग हे भय येते कोठून? माझे उत्तर काहींना रुचणार नाही. ते आपल्या घरांतून येते. "मोठी माणसे बोलत असता मध्ये तोंड घालू नये," हे आपण मुलाला वीस वर्षे शिकवितो. पाहुणे आले की त्याला पाणी आणावयास सांगतो. त्याचे मत काही आपण विचारीत नाही. मुलींची गोष्ट तर बोलूच नये. त्यांना पाणी देऊन परत स्वयंपाकघरात जावे लागते. आणि मग एके सकाळी त्याच मुलाने पाच अपरिचित वडीलधाऱ्यांसमोर ताठ बसून, त्यांच्या दृष्टीला दृष्टी देऊन, प्रसंगी त्यांच्या मताविरुद्ध आपले मत मांडावे अशी आपली अपेक्षा असते! तो गप्प बसतो, तेव्हा आपण शिकविलेलेच करीत असतो.

त्यात भाषेची धास्ती. आपल्या तोंडी 'मले' आणि 'काहून' आहे, त्याची लाज बाळगण्याचे कारण नाही. परंतु प्रमाणभाषा केवळ डोळ्यांनी वाचून जिभेवर बसत नाही. ती रोज मोठ्याने बोलावी लागते. इंग्रजीवाचून अडते असे समजणाऱ्यांना सांगतो की, दिल्लीच्या लोकसेवा आयोगापुढेही मराठीतून मुलाखत देता येते.

सभाभय हे दुबळ्यांचेच लक्षण असते असे कोणी समजू नये. 1891 साली मोहनदास गांधी विलायतेहून बॅरिस्टर होऊन आले. मुंबईच्या स्मॉल कॉज कोर्टात पहिल्याच खटल्यात ते उलटतपासणीस उभे राहिले मात्र, डोके गरगरू लागले आणि एकही प्रश्न सुचेना. ते खाली बसले, खटला दुसऱ्या वकिलाकडे सोपवून फीचे तीस रुपये त्यांनी परत केले. हे त्यांनी आत्मचरित्रात स्वतःच नमूद केले आहे. तेच गृहस्थ 1893 साली प्रिटोरियात हिंदी व्यापाऱ्यांच्या सभेपुढे बोलले आणि ते भाषण साधले. व्यापारातील सत्य हा विषय त्यांच्या जिव्हाळ्याचा होता, आणि ते त्याची तयारी करून गेले होते. मला या दोन प्रसंगांतील अंतर महत्त्वाचे वाटते. माणूस तोच, अवघी एकदोन वर्षे उलटलेली.

छाती धडधडणे, तोंडाला कोरड पडणे हा शरीराचा धर्म आहे. संकट दिसताच ते असे सज्ज होते. त्या वेळी श्वास सावकाश सोडावा, प्रश्न पुरता ऐकावा, आणि क्षणभर थांबून उत्तर द्यावे. या बाबतीत याहून अधिक सांगण्यासारखे मजपाशी नाही.

तयारीविषयी मात्र सांगण्यासारखे पुष्कळ आहे. मुले जगाचा भूगोल पाठ करून जातात आणि स्वतःच्या गावाविषयी विचारले की गडबडतात. अर्जावर 'साखरखेर्डा' लिहिलेले असते, तेव्हा गावाविषयी प्रश्न येणारच. 1724 साली याच गावाजवळ निजामउल्मुल्काने मुबारिजखानाचा पराभव केला. मुबारिजखान रणात पडला, दक्षिणेत निजामाच्या स्वतंत्र सत्तेचा पाया घातला गेला आणि गावाला फत्तेखेर्डा हे नाव मिळाले. हे आपल्या किती मुलांना चार वाक्यांत सांगता येईल? आपला तालुका सिंदखेड राजाचा, जिजाऊंच्या जन्मस्थानाचा. लोणारचे सरोवर आपल्याच जिल्ह्यात. उल्कापाताने झालेले ते विवर 2020 साली रामसर यादीत गेले. बाप सोयाबीन पेरतो, तर एकरी बियाणे किती लागते, भाव का पडतो, हे मुलाला ठाऊक असावे. जे आपले आहे त्याविषयी बोलताना जीभ अडखळत नाही, आणि एकदा ती सुटली की पुढचे प्रश्नही सोपे होतात. एखादे उत्तर ठाऊक नसेल, तर "मला माहीत नाही, महाशय" असे स्वच्छ सांगावे. सारवासारव करणारा उमेदवार अनुभवी परीक्षकास तत्काळ ओळखू येतो. शाळेत आम्हांसही येत असे.

आता मातापित्यांना एक विनंती. आजपासून रात्रीच्या जेवणानंतर मुलाला अथवा मुलीला पाच मिनिटे बोलू द्यावे. विषय कोणताही असो. मध्ये चूक काढू नये, हसू नये. आजोबांनीही त्या वेळी मौन पाळावे. हे कठीण आहे, याची मला जाणीव आहे.

दुसरे असे की, आपल्यातील आम्ही चार निवृत्त माणसे दर रविवारी सकाळी नऊ वाजता मुलाखत मंडळ म्हणून बसावयास तयार आहोत. टेबलाच्या पलीकडे अपरिचित चेहरे असावेत, म्हणून कोणाही मुलाला त्याच्या नात्यातील माणसासमोर बसविले जाणार नाही. मुलींनी अवश्य यावे. त्यांच्या आईने सोबत आल्यास उत्तमच, मात्र तिने बाहेर बसावे. येताना नोकरीच्या अर्जाची एक प्रत आणावी, कारण आमचे निम्मे प्रश्न त्यातूनच निघतील.