अहवालातले ‘करण्यात आले’

(हितचिंतकांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)





फिलिप्पैकरांस पत्र आपण आनंदाचे पत्र म्हणून वाचतो. आमच्यासारख्या संस्थेत काम करणाऱ्यांना त्यात आणखी एक ओळखीची गोष्ट दिसते: ती दान मिळाल्याची पोचही आहे. पौल बंधनात होता. फिलिप्पैच्या मंडळीने त्याच्या गरजेसाठी एपफ्रदीताच्या हाती दान पाठवले. त्या दानाची पोच पत्राच्या शेवटी, चौथ्या अध्यायात येते. त्याआधी दुसऱ्याच अध्यायात पौल ते घेऊन येणाऱ्या माणसाविषयी लिहितो. त्याला भाऊ म्हणतो, सहकारी म्हणतो, सोबतीचा शिपाई म्हणतो. तो मरणाच्या दारी पोहोचला होता हे सांगतो, आणि अशा माणसांचा मान राखा असे मंडळीला बजावतो.

आता आमचा तिमाही अहवाल काढून पाहा. ‘शिबिर घेण्यात आले.’ ‘बालकांची तपासणी करण्यात आली.’ मराठीतले हे ‘करण्यात आले’ मोठे सोयीचे आहे. काम दिसते, करणारा दिसत नाही.

सातपुड्यातल्या एका पाड्यावर आमच्या सेविकेने अडीच वर्षांच्या एका मुलाच्या दंडाचा घेर मोजला. तो ११.२ सेंटिमीटर भरला. ११.५ च्या खाली म्हणजे तीव्र कुपोषण. मुलाला पोषण पुनर्वसन केंद्रात ठेवायचे, तर आईला साधारण दोन आठवडे जवळ राहावे लागते. मग घरची दोन मुले कोण बघणार, शेळ्या कोण चारणार? सेविका त्या घरी तीनदा गेली. तिसऱ्या खेपेला तिने पलीकडच्या पाड्यावरून मुलाच्या आत्याला आणले, तेव्हा कुठे आई निघाली. अहवालात ओळ एकच: ‘एका कुपोषित बालकास दाखल करण्यात आले.’

ती ओळ मी तिला वाचून दाखवली आणि तुझे नाव घालू का, असे विचारले. ती म्हणाली, “घाला. पण आत्याचं पण घाला. ती आली नसती तर?”

रोमकरांस पत्राचा सोळावा अध्याय उपासनेत फारसा वाचला जात नाही. नुसती नावे आहेत म्हणतात. पण पौल तोवर रोमला गेलाही नव्हता, तरी तिथल्या सुमारे २५ जणांची त्याने आठवण केली आणि कित्येकांच्या नावापुढे काम लिहिले. प्रिस्का व अक्विला यांनी त्याच्यासाठी जीव धोक्यात घातला. पर्सिसने पुष्कळ कष्ट केले. रूफाची आई त्यालाही आईसारखी झाली. ज्याच्या हाताने पत्र लिहिले गेले, त्या तर्तियसाचा सलामही त्यात आहे. आमच्या बैठकीत चूक नावानिशी निघते आणि चांगले काम ‘सर्वांच्या सहकार्याने’ होते.

काही वडीलधारी मंडळी म्हणतात, गौरव देवाला द्यावा, माणसाला फुगवू नये. आम्ही निरुपयोगी दास आहोत असे म्हणायला प्रभूनेच शिकवले ना? शिकवले. पण ते दासाने स्वतःविषयी म्हणायचे आहे, शेजारच्या दासाविषयी नव्हे. तालंतांच्या दाखल्यात धनी आपल्या दासाला शाबासकी देतो, तीही तोंडावर.

मी पूर्वी एका संस्थेत होते. तिथल्या एका आदिवासी कार्यकर्त्याने नऊ वर्षांनी काम सोडले. निरोपाला शाल, पुष्पगुच्छ, भाषणे, सगळे झाले. बाहेर आल्यावर तो मला म्हणाला, “ताई, हे आधी कोणी बोललं असतं तर थांबलो असतो कदाचित.” क्षयरोगाच्या गोळ्या अर्ध्यावर टाकणाऱ्यांना त्यांच्याच बोलीत समजावणारा माणूस तो एकच होता. त्याच्या जागी आलेल्याला ती बोली येत नव्हती.

एक गोष्ट मात्र स्पष्ट बोलते. मानधन तीन महिने थकवायचे आणि व्यासपीठावर हार घालायचा, याला कौतुक म्हणत नाहीत. अडवून ठेवलेल्या मजुरीविषयी याकोबाने जे लिहिले आहे, ते ख्रिस्ती संस्थांनाही लागू आहे.

आपण पाड्यावर भेटीला येता, मुलांबरोबर फोटो काढता. पुढच्या खेपेला स्वयंपाक करणाऱ्या मावशींचे, जीप चालवणाऱ्या भाऊंचे नाव विचारा, आणि घरी गेल्यावर त्यांच्या नावाने दोन ओळी लिहून पाठवा. जे पाहिले तेच लिहा: भाकरी गरम होती, घाटात गाडी सांभाळून नेली. नाव छापायचे असेल तर आम्ही त्यांना आधी विचारू. काहींना गावात अडचण होते. ज्यांना वाचता येत नाही त्यांना आम्ही वाचून दाखवू. पत्र कार्यालयात आले तरी चालेल, आमची जीप दर सोमवारी वर जाते.