इंजिनाचा उसासा

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

एरवी कवितेवर बोलणारा माणूस आज तुमच्याशी मोटारीच्या बॉनेटखालच्या एका डब्याबद्दल बोलणार आहे. डबा म्हणजे अगदी डबाच. पाण्याच्या लहान बाटलीएवढा, ॲल्युमिनियमचा, दोन नळ्या जोडलेला. बाजारात त्याला ‘ऑइल कॅच कॅन’ म्हणतात. आमचे कोल्हापूरच्या उद्यमनगरातले मिस्त्री त्याला सरळ ‘तेलाचा डबा’ म्हणतात, आणि मला तेच नाव आवडतं. हा डबा पारखून घेतला आणि नीट बसवला तर इंजिनाच्या उपयोगी पडतो. हौसेपोटी कसाही बसवला तर काय होतं, ते मी आंबा घाटात पाहिलं आहे.

झालं असं. मी एक वापरलेली टर्बो पेट्रोल गाडी घेतली. साठेक हजार किलोमीटर पळालेली. माझ्या भाच्याला गाड्यांचं भारी वेड. “मामू, टर्बो गाडीला कॅच कॅन पाहिजेच,” असं म्हणत तो एके दिवशी एक निळाशार डबा घेऊन आला. किंमत कमी, चकाकी जास्त. तासाभरात त्यानं तो बसवलासुद्धा. बॉनेट उघडलं की डबा असा झळकायचा, की मीही येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकानं दाखवू लागलो. पाच-सहा महिने गावात गाडी उत्तम चालली. त्या काळात डबा उघडून पाहावा, असं आम्हा दोघांच्याही मनात आलं नाही.

मग रत्नागिरीला एका लग्नाला गेलो. परतताना साखरपा मागे टाकून आंबा घाट चढायला लागलो. गाडीत पत्नी, बहीण, भाचा आणि मी. अर्धा घाट चढलो असू, तोच जळक्या तेलाचा वास आला आणि बॉनेटच्या फटीतून धूर निघाला. गाडी कडेला घेतली. थोड्या वेळानं भाच्यानं बॉनेट उघडलं. तेल मोजायची पट्टी आपल्या जागेवरून वर उचकटली होती, तेल चौफेर उडालं होतं आणि टर्बोच्या तापलेल्या भागावर पडून धुमसत होतं. बहिणीनं घाईघाईनं पाण्याची बाटली उघडली. भाच्यानं तिचा हात धरला. तापल्या तेलावर पाणी टाकायचं नसतं, एवढं तरी त्याला ठाऊक होतं. सगळ्यांना गाडीपासून लांब नेऊन उभं केलं. धूर विरायला दहा मिनिटं लागली असतील. त्या दहा मिनिटांत भाचा माझ्याकडे बघत नव्हता आणि मी त्याच्याकडे.

गाडी ओढून उद्यमनगरात आणली. मिस्त्रींनी निळा डबा सोडवला, झाकण काढलं आणि माझ्यापुढे धरलं.

“साहेब, ह्यात काय भरलंय बघा की. भांडी घासायची तारेची घासणी हाय ही! आणि नळी बघा. कंपनीची अंगठ्याएवढी, तुमची करंगळीएवढी. ह्यो डबा न्हाई, बूच हाय बूच. इंजिनाच्या नाकात बूच मारलंसा तुम्ही.”

नाकात बूच म्हणजे काय, ते मला त्यांनी चहा पिता पिता समजावलं. तेच तुम्हाला सांगतो.

इंजिनात पिस्टन वर-खाली होतो आणि त्याच्यावर पेट्रोल पेटतं. इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे घेत असेल, तर एकेका सिलिंडरमध्ये सेकंदाला २५ वेळा हा भडका उडतो. पिस्टनला कडी असतात, त्यांना रिंगा म्हणतात. त्या कितीही घट्ट असल्या तरी भडक्यातला थोडा वायू त्यांच्या बाजूनं निसटून खाली क्रँककेसमध्ये, म्हणजे जिथे तेल खेळत असतं तिथे, उतरतो. तिथे त्याच्यात तेलाचे बारीक तुषार, पाण्याची वाफ आणि न जळलेलं पेट्रोल मिसळतं. हा वायू बाहेर पडला नाही, तर आत दाब साचतो आणि जिथे कमजोर जागा मिळेल तिथून तेलाला बाहेर ढकलतो. म्हणून इंजिनाला सतत उसासा टाकावा लागतो.

जुन्या गाड्यांत हा उसासा एका नळीवाटे सरळ रस्त्यावर सोडून देत. पुढे शहरांवर धुरकट हवा दाटू लागली, आणि १९६१ साली कॅलिफोर्नियातल्या नव्या गाड्यांना हा वायू पुन्हा इंजिनातच जाळून टाकणारी योजना आली. काही वर्षांत ती अमेरिकेत सर्वत्र पसरली, मग जगभर. तिचं नाव पी.सी.व्ही. तेव्हापासून इंजिन आपलाच उसासा पुन्हा श्वासात घेतं. हवेच्या दृष्टीनं हे फार चांगलं झालं. पण वायूबरोबर तेलाचे तुषारही इंजिनाच्या श्वासनलिकेत जाऊ लागले.

टर्बो आला की हे प्रकरण आणखी गुंतागुंतीचं होतं. टर्बो म्हणजे धुराड्यातून निघणाऱ्या वायूच्या जोरावर फिरणारा आणि इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा पंखा. स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्युखी यांनी १९०५ साली या कल्पनेचं पेटंट घेतलं. हवा जास्त, भडका मोठा, म्हणून रिंगांच्या बाजूनं निसटणारा वायूही जास्त. शिवाय अशा इंजिनात उसाशाला बहुधा दोन वाटा ठेवलेल्या असतात. गाडी हळू चालली असेल तेव्हा वायू एका वाटेनं थेट मॅनिफोल्डमध्ये ओढला जातो. टर्बो जोरात असला की मॅनिफोल्डमध्ये उलट दाब असतो, म्हणून त्या वाटेवरची झडप मिटते आणि वायू दुसऱ्या वाटेनं टर्बोच्या तोंडाशी जातो. आमचा निळा डबा बसवला होता तो या दुसऱ्या वाटेवर. गावातल्या संथ चालीत पहिली वाट उघडी होती, म्हणून काही कळलं नाही. घाटाच्या चढावर टर्बो सारखा जोर करत राहिला, पहिली वाट मिटली आणि दुसरीवर आमचं बूच होतं. इंजिनाचा मागचा सीलही गेला. सील स्वस्त, पण तो बदलायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो. मजुरीचा आकडा पत्नीला सांगायला मला दोन दिवस लागले.

मग हा डबा मुळात लावावा कशाला? कारण तुषारांचा त्रास खरा आहे. ते तेल टर्बोतून पुढे हवा गार करणाऱ्या इंटरकूलरमध्ये साचतं. इंजिनात गेलं की पेट्रोल अवेळी पेटण्याची, म्हणजे ‘नॉकिंग’ची शक्यता वाढते. काही इंजिनांत पेट्रोल व्हॉल्व्हच्या मागे फवारलं जातं, त्यामुळे व्हॉल्व्ह आपोआप धुतले जातात. पण हल्लीच्या बऱ्याच टर्बो इंजिनांत पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये सोडतात. तिथे व्हॉल्व्हच्या पाठीवर तेलाची काजळी भाजत राहते. ती काढायला अक्रोडाच्या टरफलांचा भुगा हवेच्या जोरानं मारावा लागतो.

म्हणजे प्रत्येक टर्बो गाडीला डबा हवाच का? मुळीच नाही. कंपन्या इंजिनातच तेल वेगळं करणारी सोय ठेवतात आणि पुष्कळ गाड्यांना ती पुरते. आधी टर्बोच्या तोंडाची नळी काढून आत बोट फिरवावं. नुसता ओशटपणा असेल तर काळजी नको. तेलाचं थारोळं असेल तर आधी कारण शोधावं. रिंगा झिजल्या असतील तर डबा हा इलाज नव्हे. आणि गाडी वॉरंटीत असेल तर हात लावण्याआधी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला विचारावं.

निवडताना रंग पाहू नये, झाकण उघडून आत पाहावं. आत आडवे पडदे आणि बारीक जाळी हवी. वायू पडद्यांवर आपटतो, वळसे घेतो, गार होतो आणि त्यातलं तेल थेंबाथेंबानं खाली गळतं. पडदे नसतील तर तो नुसता रिकामा डबा. सैल तारेची घासणी तर नकोच, तिचे तुकडे तुटून टर्बोत जाऊ शकतात, आणि टर्बो मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेतो. अर्धा लिटर मावेल एवढा डबा पुरतो. खाली तोटी आणि आतली पातळी दिसण्याची सोय असावी. डबा बंदिस्त हवा, एका नळीनं वायू आत आणि दुसरीनं परत इंजिनाकडे. डोक्यावर लहान फिल्टर असलेले उघडे डबे मिळतात, ते वायू हवेत सोडतात. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बी.एस.-६ मानकांत याला जागा नाही. शिवाय ती दुर्गंधी गाडीत येते आणि फुप्फुसं आपलीच असतात.

बसवताना तीन गोष्टी सांभाळायच्या. जागा टर्बोपासून दूर आणि वारा लागेल अशी, कारण डबा गार राहिला तरच वाफ आणि तेल त्यात उतरतं. नळी तेल सोसणारी, आतून कंपनीच्या नळीपेक्षा अरुंद नसलेली आणि कुठेही न मुडपलेली. पाण्याची साधी रबरी नळी तेलानं फुगते. डबा मॅनिफोल्डच्या वाटेवर असेल तर मूळची एकदिशा झडप काढायची नाही, नाहीतर टर्बोचा दाब उलटा क्रँककेसमध्ये शिरेल. डबा पट्टीनं घट्ट आवळावा. मग इंजिन चालू करून शिट्टीसारखा आवाज येतो का ते ऐकावं. आला तर कुठूनतरी हवा गळते आहे.

आणि सर्वांत मोठी गोष्ट बसवल्यानंतरची. डबा रिकामा करावा लागतो. सुरुवातीला हजार किलोमीटरनं पाहावं, मग अंदाज येतो. थंडीत पाणी जास्त साचतं, दुधाच्या चहासारखा पिवळट लगदा निघतो. त्याला घाबरू नये. ते तेल इंजिनात परत ओतायचं नाही आणि गटारातही नाही. गॅरेजच्या जळक्या तेलाच्या पिंपात टाकायचं.

आमच्या गाडीत आता मिस्त्रींनी पारखलेला डबा आहे. करडा, अगदी साधा. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी भाचा तो रिकामा करतो आणि निघालेलं तेल मोजतो. मी ते माझ्या कवितेच्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवतो. महिन्याला दोन-तीन चमचे, असा हिशेब चालला होता. गेल्या पावसाळ्यात एकदम अर्धी वाटी निघालं. मिस्त्रींनी पट्टी काढून पाहिली. सर्व्हिसिंगच्या वेळी कुणीतरी इंजिनात तेल खुणेच्या वर भरलं होतं. जास्तीचं तेल काढलं आणि पुढच्या महिन्यात आकडा खाली आला.

“आता कसं,” मिस्त्री म्हणाले, “डबा बोलला आणि तुम्ही ऐकलंसा.”

पहिला डबाही बोलतच असणार. आम्ही त्याचा निळा रंग बघत बसलो होतो.