वास्तू राखणाऱ्यांचा सत्कार



सत्कार समारंभात आपण मुलांच्या परीक्षेतील गुणांचे कौतुक करतो, आणि ते योग्यच आहे. आज मात्र मी तुमच्यापुढे निराळ्या गुणवंतांचा विषय मांडणार आहे. त्यांची परीक्षा दर पावसाळ्यात होते आणि तिचा निकाल सहसा कोठे छापून येत नाही. शहरातील जुन्या वास्तू सांभाळणारे लोक ते हेच. त्यांच्यासाठी मुंबईतील एकाच वस्तीचे, भायखळ्याचे, उदाहरण घेऊ.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याकडे पहिली आगगाडी धावली. त्या मार्गावरील भायखळ्याचे स्थानक आधी लाकडी होते. दगडी इमारत १८५७ साली झाली. देशात आजही वापरात असलेल्या सर्वांत जुन्या स्थानकांत तिची गणना होते. रोज हजारो प्रवासी तेथून जातात, पण मान वर करून कमानीकडे पाहणार कोण? एक स्वयंसेवी संस्था, काही देणगीदार, वास्तुविशारद आभा नारायण लांबा आणि रेल्वे खाते हे सारे एकत्र आले व २०२२ साली या इमारतीला तिचे जुने रूप परत मिळाले. त्याच वर्षी युनेस्कोच्या आशिया-प्रशांत विभागाच्या वारसा पुरस्कारांत तिचा गौरव झाला.

स्थानकापासून जवळच, राणीच्या बागेत, डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे. ते १८७२ साली लोकांसाठी खुले झाले. ते उभे राहावे म्हणून डॉ. भाऊ दाजी आणि नाना शंकरशेट यांच्यासारख्या नागरिकांनी खटपट केली, वर्गणी जमविली. पुढे या इमारतीची रया गेली. तेव्हा मुंबई महानगरपालिका, इन्टॅक ही संस्था आणि जमनालाल बजाज प्रतिष्ठान यांनी मिळून काम हाती घेतले. तस्नीम झकारिया मेहता यांचा पुढाकार आणि वास्तुविशारद विकास दिलावरी यांची देखरेख यांतून इमारत सावरली. २००५ साली तिला युनेस्कोचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला आणि २००८ साली संग्रहालय पुन्हा लोकांसाठी उघडले.

या दोन्ही कामांत एक गोष्ट समान आहे. सरकारी खाते, देणगीदार, जाणकार आणि कारागीर यांपैकी एकट्याने कोणाला हे साधले नसते. पाटीवर मात्र मोठी नावे कोरली जातात. चुना मळणारा गवंडी, दगड घडणारा पाथरवट, जुन्या लाकडाला जोड देणारा सुतार यांची नावे राहून जातात. जुन्या चुन्याच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा दिला तर आतील ओल बाहेर पडू शकत नाही आणि भिंत आतून पोखरते. हे ज्याच्या हाताला ठाऊक आहे, तो कारागीरही विद्वानच होय.

आता एखादे पालक विचारतील, "मास्तर, आमच्या घराचे छत गळते, जिन्याला टेकू लावला आहे. आम्हाला वारशाचे काय सांगता?" प्रश्न रास्त आहे. भायखळ्याहून थोड्याच अंतरावर, भेंडीबाजारात, ३१ ऑगस्ट २०१७ रोजी हुसैनी इमारत कोसळली व ३३ माणसे दगावली. माणसाच्या जिवापेक्षा कोणताही दगड मोठा नाही. जी इमारत खरोखर धोक्याची झाली, ती रिकामी केलीच पाहिजे.

पण इमारत एका रात्रीत धोक्याची होत नाही. १९४७ च्या कायद्याने भाडी गोठली. गरीब भाडेकरूला आधार मिळाला, परंतु मालकाला दुरुस्ती परवडेनाशी झाली. १९६९ साली उपकर आणि दुरुस्ती मंडळ यांचा कायदा आला, तरी वर्षानुवर्षे टाळलेले काम साचतच राहिले. मंडळाने करायचे ते मालकाने करावे, मालकाने करायचे ते भाडेकरूने, या टोलवाटोलवीत भिंतीची भेग रुंदावत जाते. म्हणून वास्तू राखणे आणि माणूस राखणे ही दोन कामे नव्हेत. वेळेवर केलेली डागडुजी दोघांनाही तारते.

विद्यार्थी मित्रांनो, यासाठी लाखो रुपये लागतातच असे नाही. जूनपूर्वी गच्चीवरील पन्हळी साफ आहेत की नाहीत, हे मोठ्यांना विचारा. भिंतीच्या सांध्यात पिंपळाचे रोप दिसले तर ते बोटभर असतानाच मोठ्यांच्या नजरेस आणा. हातभर झाल्यावर ते दगड फोडते. नवी भेग दिसली की तारीख टाकून वहीत नोंद करा आणि ती मोठ्यांना दाखवा. आपल्या मोहल्ल्यातील जुनी शाळा, वाचनालय किंवा पाणपोई कोणी बांधली, हे घरातील वडीलधाऱ्यांकडून लिहून घ्या. ज्याचे नाव माहीत असते, ते पाडताना हात थोडा थबकतो.

आणि पदाधिकाऱ्यांना एक विनंती. पुढील वर्षी गुणवंतांना हार घालाल, तेव्हा एक हार आपली इमारत सांभाळणाऱ्या शिपायासाठी व गवंड्यासाठीही राखून ठेवा. मुलांनी टाळ्या वाजवायला कोठे शिकावे, हे आपण मोठ्यांनीच दाखवावे लागते.