द्राक्षमळ्यातला अकरावा तास



नाशिक जिल्ह्यात हे गोडी छाटणीचे दिवस. निफाड, दिंडोरीकडे कोणत्याही रस्त्याने जा, दोन्ही बाजूंच्या बागांतून कात्र्यांचा आवाज येतो. आमच्याकडे द्राक्षाच्या वेलीला वर्षातून दोनदा कात्री लागते. एप्रिलच्या सुमाराला खरड छाटणी होते आणि पाऊस ओसरता ओसरता गोडी छाटणी. माल हाती येतो तो या दुसऱ्या छाटणीनंतर, साधारण चार महिन्यांनी.

योहानाच्या शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायात प्रभू येशू स्वतःला वेल म्हणतो, शिष्यांना फाटे म्हणतो आणि पित्याला माळी. जो फाटा फळ देतो त्यालाही माळी छाटतो, असं तिथे सांगितलं आहे. बाग न पाहिलेल्या माणसाला हे छाटणं शिक्षेसारखं वाटतं. छाटणी करणाऱ्याच्या शेजारी थोडा वेळ उभं राहिलं की तसं वाटत नाही. तो एकेक काडी बोटांत धरतो, तिच्यावरचे डोळे मोजतो आणि कोणत्या डोळ्यात घड आहे याचा अंदाज घेऊन त्याच्या पुढे कात्री लावतो. घड तर अजून दिसतही नसतो. खरड छाटणीनंतर दीड-दोन महिन्यांत, ऐन ज्येष्ठात, तो डोळ्याच्या आत तयार होऊन बसलेला असतो. काही बागाईतदार काड्या प्रयोगशाळेत नेऊन सूक्ष्मदर्शकाखाली तपासून घेतात आणि मगच छाटणीला हात घालतात. न दिसणाऱ्या फळावर एवढी नजर ठेवून कात्री चालते, हे मला बागेत कळलं. त्यानंतर तो अध्याय मी भीत भीत वाचत नाही.

पण इथे एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. एखाद्या घरातला तरणाताठा मुलगा जातो आणि भेटायला आलेला कुणीतरी धर्माच्या सुरात सांगतो की देवाने छाटणी केली. असं कधीही बोलू नये. कात्री पित्याच्या हातातली आहे, ती आपण उचलायची नसते. आपला मित्र लाजर याच्या कबरेकडे जाताना प्रभू येशूने अश्रू ढाळले. दुःखाच्या घरी आपल्याला तेवढंच करता आलं तरी पुष्कळ झालं.

आता मला तुम्हाला बागेबाहेर, रस्त्यावर न्यायचं आहे. छाटणीला माणसं लागतात. डोळ्यांना पेस्ट लावायला, घडांच्या विरळणीला, काढणीला तर आणखी लागतात. ही माणसं बरीचशी पेठ, सुरगाण्याच्या डोंगरी भागातून येतात. तिकडे पाऊस मुबलक, पण भात-नागलीचं पीक निघालं की पुढे शेतात पाणी नसतं. मग बिऱ्हाड बांधून खाली उतरायचं. काही टोळीने येतात, मुकादमाच्या शब्दावर एकरी उक्तं काम घेतात. बाकीचे सकाळी फाट्यावर येऊन उभे राहतात. हातात भाकरीचं फडकं, पाण्याची बाटली, स्वतःची कात्री. पिकअप येते, शेतकरी खाली उतरतो, भाव ठरतो. धडधाकट जोडपी पहिल्या गाडीत जातात. मग पोरं जातात, मग बायकांचे गट. दहा वाजले की फाट्यावर कोण उरतं ते नीट बघा. दम लागणारा म्हातारा असतो, अंगावर पिणारं मूल घेतलेली बाई असते, एखादा पाय ओढत चालणारा असतो. रस्त्याने जाणारा म्हणतो, बघा, रिकामटेकडे बसलेत.

मत्तयाच्या विसाव्या अध्यायातला दाखला हाच आहे. द्राक्षमळ्याचा धनी पहाटे मजूर लावायला बाहेर पडतो, पुन्हा तिसऱ्या तासाला जातो, सहाव्याला, नवव्याला, आणि दिवस मावळायला तासभर उरला असताना अकराव्या तासालाही जातो. तेव्हाही काही माणसं चौकात उभी असतात. दिवसभर रिकामे का राहिलात, असं तो विचारतो. ती सांगतात की आम्हाला कामावर कुणी घेतलंच नाही. या उत्तरात आळसाचा मागमूस नाही. दिवसभर उभी राहिलेली माणसं आहेत ती, आणि संध्याकाळ होत आली तरी घरी गेलेली नाहीत.

धनी त्यांना कामावर घेतो आणि संध्याकाळी सर्वांना सारखाच दीनार देतो. दीनार म्हणजे त्या काळी मजुराची एका दिवसाची मजुरी. पहाटे आलेले कुरकुरतात. प्रवचनांतून या दाखल्याचा अर्थ बहुतेक वेळा तारणाच्या अंगाने सांगितला जातो: उशिरा विश्वास ठेवणाऱ्यालाही देवाची कृपा पूर्ण मिळते. तो अर्थ खराच आहे. मात्र फाट्यावर उभं राहून हा दाखला वाचला की त्यातलं पीठमीठही दिसतं. ज्याला तासभरच काम मिळालं त्याच्या घरची तोंडं काही बाराव्या हिश्शाएवढी होत नाहीत. पोरांना रात्री भाकरी पूर्णच लागते. धन्याने कामाचे तास पाहिले नाहीत, चूल पाहिली. देवाची कृपा कशी असते हे सांगायला प्रभूला याहून बोलकं चित्र कुठे मिळालं असतं?

शिवाय मजुरी त्याच संध्याकाळी देणं हा धन्याचा मोठेपणा नव्हता. मोशेच्या नियमशास्त्रात तशी आज्ञाच आहे. गरीब मजुराचं वेतन दिवस मावळायच्या आत द्यावं, कारण त्याचा जीव त्यात गुंतलेला असतो, असं अनुवाद नावाच्या पुस्तकात सांगितलं आहे. तो मजूर आपला असो की परका, आज्ञा एकच.

बागाईतदाराची बाजू मला ठाऊक नाही असं नाही. ऐन फुलोऱ्यात पाऊस झाला की डाऊनी रोग येतो, घड कुजतात, आणि औषधांची उधारी तशीच राहते. व्यापारी माल भरून नेतो आणि नंतर त्याचा फोन लागत नाही, हेही इथे घडत आलं आहे. कष्टाचे पैसे अडकले की कसं वाटतं, हे बागाईतदाराइतकं कुणाला कळणार? म्हणूनच त्याच्याकडून माझी अपेक्षा जास्त आहे.

विश्वास रोजच्या व्यवहारात उतरावा असं म्हणताना मला नाशिकजवळच्या जलालपूरला जन्मलेल्या लक्ष्मीबाई टिळकांची आठवण होते. त्यांचे पती नारायण वामन टिळक यांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, लक्ष्मीबाईंनी १९०० साली. मधल्या वर्षांत त्यांनी पतीच्या मागोमाग धर्म बदलला नाही. त्यांचा विश्वास घडला तो रोजच्या घरात, पाण्याच्या आणि जेवणाच्या शिवाशिवीवर विचार करता करता. त्यांचं आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ वाचताना ते पानोपानी जाणवतं. विश्वासाची परीक्षा मंदिरात होते त्याहून जास्त माठाजवळ आणि ताटाजवळ होते, असं मला वाटतं. आमच्या भागात ती फाट्यावरही होते.

ख्रिस्ती श्रोत्यांना, आणि ख्रिस्ती नसलेल्या पण बाग राखणाऱ्या सर्वांनाच, माझी एक विनंती आहे. उद्या माणसं आणायला जाल तेव्हा शेवटी उरलेल्यांकडेही एकदा बघा. बसून करण्यासारखं काम बागेत निघतं, ते त्यांना द्या. आणि जे कामावर आले त्यांची मजुरी शनिवारच्या बाजारापर्यंत लांबवू नका, दिवस मावळायच्या आत त्यांच्या हातावर ठेवा.