पंगत, पाने आणि गोठलेला सर्व्हर



दिनांक 16 जुलै 2021 रोजी दुपारी एक वाजता दहावीचा निकाल जाहीर झाला. त्या वर्षी लेखी परीक्षा झालीच नव्हती, त्यामुळे उत्सुकता अधिक. राज्यातील सुमारे 16 लक्ष विद्यार्थ्यांचा निकाल एकाच घटकेस खुला झाला आणि संकेतस्थळ कित्येक तास उघडेना. शहापूर-मुरबाडच्या गुरुजींना हा प्रकार परका नाही. 2015 साली ‘सरल’ प्रणाली आल्यापासून मुदतीच्या अखेरीस रात्र जागून माहिती भरणारे शिक्षक गावोगाव आढळतात. अशा वेळी दोष ‘रेंज’ला दिला जातो. पुष्कळदा तो पलीकडच्या यंत्रात असतो.

शाळेतील एकच संगणक सर्व्हर म्हणून मुलांच्या टॅबना पाठ पुरवीत असेल, तर हाच रोग तेथेही जडतो. पंगतीचा दृष्टान्त घेऊ. ‘अपाची’ हा सर्व्हर त्याच्या जुन्या रीतीप्रमाणे प्रत्येक पाहुण्यामागे एक स्वतंत्र वाढपी उभा करतो. वाढप्याला जागा लागते. ही जागा म्हणजे संगणकाची मेमरी. या रीतीत मुळात 256 वाढप्यांची मुभा दिलेली असते. एकास 60 मेगाबाइट लागले, तर सर्वांस 15 गिगाबाइट हवेत. आणि संगणकात असतात अवघे 4! मेमरी संपताच यंत्र सामान डिस्कवर हलवू लागते. डिस्क फार मंद. कामे रेंगाळतात, तोवर नवे पाहुणे आत येतात, आणि अखेरीस यंत्राचा सारा वेळ सामानाच्या ने-आणीतच जातो. मग कळफलकही दाद देत नाही.

येथे बहुतेक जण बटण दाबून संगणक बंद करतात व पुन्हा चालू करतात. त्याने पंगत उठते खरी, पण दारातली गर्दी तशीच राहते. आधी नोंदवही, म्हणजे ‘लॉग’, वाचावी. वाढप्यांची मर्यादा गाठल्याची, किंवा मेमरीअभावी एखादे काम यंत्राने मारून टाकल्याची नोंद तेथे सापडते.

उपाय त्रैराशिकाइतका सोपा आहे. 4096 मेगाबाइटपैकी 1024 संगणकाच्या इतर कामांस राखावेत. उरलेल्या 3072 ला 60 ने भागले की 51 येतात. तेव्हा ‘मॅक्स रिक्वेस्ट वर्कर्स’ ही मर्यादा 50 ठेवावी. एकावन्नावा पाहुणा दारात थांबेल, परंतु उपाशी जाणार नाही. दुसरे असे की, जेवण आटोपूनही पानावर बसून राहणारे असतात. ‘कीप अलाइव्ह टाइमआउट’ हा त्यांचा अवधी मुळात 5 सेकंदांचा असतो. कोणी तो वाढविला असल्यास कमी करावा.

पान उघडत नाही म्हणून बोट पुनःपुन्हा दाबणे ही मात्र आपलीच खोड. प्रत्येक दाबण्याबरोबर नवा पाहुणा रांगेत उभा राहतो, आणि जुन्याचे ताट बहुधा वाढले जातच असते. केंद्रातील शाळांनी माहिती भरण्याचे वार वाटून घेतले, तर मुदतीच्या रात्री एखाद्या पाड्यावरील मुलाचा शिष्यवृत्तीचा अर्ज अडकण्याचा धोका पुष्कळ कमी होईल.

मर्यादा बदलल्यावर वर्गातील सर्व टॅब एकदम उघडून पाहावेत, आणि ‘टॉप’ ही आज्ञा देऊन स्वॅपचा आकडा वाढतो की काय, ते पाच मिनिटे न्याहाळावे. वाढत असल्यास 50 चे 40 करावेत व पुन्हा पाहावे.