आर्चबिशप रोमेरो यांची तीन वर्षे
(मासिक बैठकीतील भाषण)



आपल्यातले बरेच जण धर्मगुरूंकडे संशयानेच पाहतात. मीही पाहतो. म्हणूनच आज ऑस्कर रोमेरो यांच्याविषयी बोलायचे ठरवले.

फेब्रुवारी १९७७ मध्ये ते एल साल्वाडोरच्या राजधानीचे, सान साल्वाडोरचे, आर्चबिशप झाले. पुस्तकांत रमणारा, परंपरानिष्ठ माणूस. बडे जमीनदार आणि लष्करी राजवट खूश झाली, गरिबांत काम करणारे पाद्री हिरमुसले. पण तीनच आठवड्यांत, १२ मार्चला, शेतकरी-शेतमजुरांमध्ये काम करणारे त्यांचे मित्र फादर रुतिलिओ ग्रांदे यांची गोळ्या घालून हत्या झाली. सोबत एक वृद्ध आणि एक मुलगाही मारला गेला. रोमेरो त्याच रात्री तिथे पोचले.

मला त्या रात्रीपेक्षा पुढची तीन वर्षे मोलाची वाटतात. चौकशी होईपर्यंत सरकारी समारंभांना जाणार नाही, असे त्यांनी जाहीर केले. नव्या राष्ट्राध्यक्षांच्या शपथविधीलाही ते गेले नाहीत. वकिलांकडून अत्याचारांची माहिती गोळा करून, तपासून, ते दर रविवारच्या प्रवचनात मारल्या गेलेल्यांची आणि बेपत्ता झालेल्यांची नावे वाचत. चर्चच्या रेडिओवरून ती देशभर ऐकली जात. रेडिओ केंद्रावर बॉम्बहल्ले झाले. बहुतेक बिशप त्यांच्या विरोधात गेले. तरी वाचन थांबले नाही.

फेब्रुवारी १९८० मध्ये त्यांनी राष्ट्राध्यक्ष कार्टर यांना पत्र लिहून लष्करी मदत देऊ नका, अशी विनंती केली. अमेरिकेत कर भरणाऱ्या आपल्यासारख्यांच्या दाराशी हा विषय येतो तो इथे. मदत सुरूच राहिली, रेगन यांच्या काळात कैक पटींनी वाढली.

२३ मार्चला त्यांनी सैनिकांना आवाहन केले: स्वतःच्याच बांधवांना मारण्याचा हुकूम पाळू नका. दुसऱ्या दिवशी मिस्सा चालू असताना त्यांना गोळी घातली. १९९२ पर्यंत चाललेल्या यादवीत सुमारे ७५,००० माणसे गेली. हत्येचा आदेश माजी लष्करी अधिकारी रोबेर्तो दोब्विसाँ यांनी दिला, असा निष्कर्ष संयुक्त राष्ट्रांच्या सत्यशोधन आयोगाने १९९३ मध्ये काढला. शिक्षा मात्र कोणालाच झाली नाही. २०१८ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी रोमेरो यांना संतपद दिले.

संतपदाशी आपल्याला कर्तव्य नाही. अन्यायाच्या बातम्या आपण रोज एकमेकांना पाठवतो, भारतातल्या आणि इथल्याही. रोमेरो आधी नाव, गाव, तारीख तपासत, मग स्वतःच्या तोंडाने जाहीर उच्चारत. नोकरी, व्हिसा, ओळखीपाळखी सांभाळून आपल्याला यातले कितपत जमेल? यावर आता मोकळेपणाने बोलू या.